लहान मुलांना घोडेस्वारी शिकवायची असेल तर : वय, सुरक्षितता, पहिले धडे आणि चांगल्या शाळेच्या खुणा

माथेरान, महाबळेश्वर किंवा पाचगणीची सहल झाली की अनेक घरांत एक मागणी हमखास येते : "मला घोडा चालवायला शिकायचंय." खेड्यातल्या मुलांच्या मनात ती वरातीतली घोडी पाहून किंवा शिवाजी महाराजांवरची मालिका पाहून येते. मग पालकांना प्रश्न पडतात. कितव्या वर्षी सुरुवात करावी? मूल पडले तर? शिकवणारा खरोखर जाणकार आहे हे कसे ओळखायचे? घोडा विकत घ्यावा लागतो का? या लेखात या प्रश्नांची उत्तरे क्रमाने पाहू.

थोडक्यात

- घोड्यावरून फेरी मारणे वेगळे आणि घोडेस्वारी शिकणे वेगळे. फेरीत घोडा दुसऱ्याच्या ताब्यात असतो, शिकवणीत तो हळूहळू मुलाच्या ताब्यात येतो.
- बहुतेक मुलांना साधारण ६ ते ८ वर्षांच्या दरम्यान रीतसर शिकवणी सुरू करता येते. त्याआधी ओळख आणि हातात धरलेल्या तट्टावर थोडा वेळ बसणे पुरेसे.
- हेल्मेट, टाचेचे बूट आणि पायाच्या मापाची रिकीब या तीन गोष्टींशिवाय मुलाला घोड्यावर बसवू नये.
- घोडा विकत घेण्याची गरज नसते. शाळेचा घोडा वापरूनच शिकतात.
- शाळा निवडताना प्रशिक्षकाच्या बोलण्यापेक्षा घोड्यांची अवस्था आणि तिथली शिस्त पाहावी.

फेरी आणि शिकवणी यांतला फरक

माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे घोडा हे तिथले खरेखुरे वाहन आहे. तिथला घोडेवाला लगाम हातात धरून चालतो आणि घोड्याला वाट पाठ असते. वर बसलेल्या माणसाला काहीच करावे लागत नाही. अशा फेरीने मुलाची भीती जाते, उंचीची सवय होते, घोड्याचा वास आणि अंगाची ऊब कळते. तेवढ्यापुरती ती चांगलीच. पण दहा फेऱ्या मारूनही मुलाला घोडा थांबवता येत नाही, कारण ते कोणी शिकवलेलेच नसते.

शिकवणीत मूल चार गोष्टी शिकते : घोड्याजवळ कसे जायचे आणि कसे वागायचे, पाठीवर तोल सांभाळून कसे बसायचे, घोड्याला इशारे कसे द्यायचे आणि त्याची निगा कशी राखायची. जुन्या मराठीत तोल सांभाळून पक्के बसण्याला 'मांड' म्हणतात. मांड पक्की झाल्याशिवाय लगामाला अर्थ नसतो. तोल जाणारे मूल लगामालाच लोंबकळते, त्याने घोड्याचे तोंड दुखते आणि घोडा बिथरतो. म्हणून चांगले प्रशिक्षक सुरुवातीचे कित्येक तास मुलाच्या हातात लगाम देतच नाहीत. "पैसे भरले आणि पोराला नुसतं गोल फिरवतात" अशी तक्रार करण्याआधी पालकांनी हे लक्षात घ्यावे.

कोणत्या वयात सुरू करावे?

यासाठी एकच एक वय नाही. शाळाही आपापले नियम ठेवतात. वयापेक्षा तीन क्षमता पाहाव्यात : मूल अर्धा तास सूचना ऐकू शकते का, आधार न घेता पाठ ताठ ठेवून बसू शकते का आणि "थांब" म्हटल्यावर लगेच थांबते का. साधारण टप्पे असे :

- ३ ते ५ वर्षे : घोड्याची ओळख, त्याला खाऊ देणे, खरारा करणे. दोन्ही बाजूंना मोठी माणसे असताना लहान तट्टावर १० ते १५ मिनिटे बसणे.
- ६ ते ८ वर्षे : आठवड्यातून एक किंवा दोन वेळा साधारण अर्ध्या तासाची शिकवणी. घोडा प्रशिक्षकाच्या हातातल्या लांब दोरीवर.
- ९ ते १२ वर्षे : स्वतः लगाम धरून बंदिस्त मैदानात चालवणे, दुडकी चाल, पुढे जमेल तसा वेग.
- १२ वर्षांनंतर : ज्यांना आवड आणि सवड आहे त्यांच्यासाठी स्पर्धेची तयारी.

घाई करण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या स्पर्धांत मुलांचा गटच मुळी १२व्या वर्षापासून सुरू होतो. चौथ्या वर्षी सुरुवात केलेले मूल आठव्या वर्षी सुरुवात केलेल्यापेक्षा पुढे जाईलच असे नाही. भीतीने मध्येच सोडून देणारी मुले मात्र बरेचदा फार लवकर बसवलेली असतात.

घोड्याचा स्वभाव आधी समजून घ्या

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. निसर्गात त्याचा बचाव एकच : पळणे. त्यामुळे अचानक उडालेली प्लॅस्टिकची पिशवी, फटाका, उघडलेली छत्री यांनी शांत घोडाही दचकतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला सुमारे ३५० अंशांपर्यंतचे दिसते, पण थेट मागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. मागून गेलेल्या माणसाला लाथ बसते ती बहुधा घाबरल्यामुळे.

मुलाला पहिल्याच दिवशी हे नियम शिकवावेत :

- घोड्याकडे बाजूने, खांद्याच्या दिशेने जायचे, तेही बोलत बोलत. त्याला आपण आल्याचे कळले पाहिजे.
- मागून जायचे नाही, त्याच्याजवळ पळायचे नाही, ओरडायचे नाही.
- खाऊ सपाट तळहातावर ठेवून द्यायचा. बोटांनी धरला तर बोट दातांत सापडते.
- दोरी किंवा लगाम कधीही हाताला गुंडाळायचा नाही. घोडा पळाला तर हात सुटला पाहिजे.
- कान मागे चिकटवलेले, शेपटी जोरात झटकत असलेला, डोळ्यांतला पांढरा भाग दिसत असलेला घोडा त्रासलेला असतो. तेव्हा दूर व्हायचे.

कोणता घोडा मुलासाठी योग्य?

इंग्रजीत ज्याला पोनी म्हणतात ते म्हणजे आपले तट्टू. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खांद्याजवळ १४८ सेंटीमीटरपर्यंत उंचीचा घोडा पोनीत मोडतो. महाराष्ट्राला तट्टांची ओळख जुनीच आहे. भीमा नदीच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे मराठा फौजेच्या काळापासून काटकपणासाठी नावाजलेली होती आणि आता भीमथडीची भारतातली एक स्वतंत्र घोडा-जात म्हणून अधिकृत नोंदही झाली आहे.

मुलासाठी उंचीइतकाच स्वभाव महत्त्वाचा. वयाने पोक्त, माणसांना सरावलेला, आवाजाला न बुजणारा घोडा शिकणाऱ्यासाठी सर्वांत चांगला. मुंबई-पुण्याकडच्या काही क्लबांत शर्यतीतून निवृत्त झालेले घोडेही असतात. त्यांतले काही पुन्हा शिकवून उत्तम शाळा-घोडे होतात, पण मुळात ते वेगासाठी वाढवलेले आणि हलक्याशा इशाऱ्याला उसळणारे असतात. नवख्या मुलाला असा घोडा देत असतील तर तो किती वर्षे शाळेत आहे हे विचारावे.

वजनाचाही एक हिशेब आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे २५० किलोच्या तट्टावर खोगिरासकट फार तर ५० किलो. लहान मुलासाठी हे सहज जमते. पण मुलाला पुढ्यात घेऊन बाबाही त्याच तट्टावर बसले की हिशेब कोलमडतो आणि अपघाताची शक्यता वाढते, कारण पडताना मोठ्या माणसाचे वजन मुलावर येऊ शकते. एका घोड्यावर एकच स्वार, हा नियम पाळावा.

हेल्मेट, बूट आणि रिकीब

घोड्यावरून पडण्याच्या अपघातांत हात-मनगटाची मोडतोड नेहमीची असते, पण जीवघेणी ठरते ती बहुधा डोक्याची इजा. घोड्यावर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून दोन मीटर किंवा त्याहून उंच असू शकते. माथेरानमध्ये घोड्यावरून पडून पर्यटकांचे मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून ही तीन साधने सोयीची म्हणून नव्हे, अट म्हणून पाहावीत.

हेल्मेट : घोडेस्वारीसाठी बनवलेलेच हवे. त्यावर ईएन १३८४ किंवा एएसटीएम एफ ११६३ यांसारख्या मानकाची खूण असते. क्रिकेटचे किंवा सायकलचे हेल्मेट वेगळ्या प्रकारच्या आघातासाठी बनवलेले असते. मोटारसायकलचे हेल्मेट मुलाच्या मानेला जड पडते. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या थोडेसे वर सपाट बसावे. पट्टा न लावता डोके हलवले तरी ते घसरू नये. जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे.

बूट : साधारण दोन-अडीच सेंटीमीटरची टाच आणि गुळगुळीत तळवा असलेले. टाचेमुळे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. चप्पल, सँडल आणि खोल खाचांचे स्पोर्ट शूज चालत नाहीत. शाळेचे टाचेचे चामडी बूट सुरुवातीला चालू शकतात.

रिकीब : पाय ठेवायची कडी. घोडेस्वारीतला सर्वांत भयानक अपघात म्हणजे पडल्यानंतर पाय रिकिबीत अडकून फरफटत जाणे. त्यामुळे रिकीब बुटापेक्षा सुमारे दोन सेंटीमीटर रुंद असावी. फार अरुंद असेल तर पाय अडकतो, फार मोठी असेल तर आत घुसतो. मुलांसाठी एका बाजूला रबरी कडे असलेली सुरक्षा-रिकीब मिळते. ओढ बसताच ते कडे सुटते आणि पाय मोकळा होतो.

पर्यटनस्थळी एक गोष्ट सर्रास दिसते. मोठ्यांच्या मापाच्या रिकिबीपर्यंत मुलाचे पाय पोचत नाहीत, म्हणून घोडेवाला ते रिकिबीच्या वरच्या चामडी पट्ट्यात खोचून देतो. असा पाय पडताना निघत नाही. असे होत असेल तर मुलाला त्या घोड्यावर बसवू नका. पाय मोकळे सोडून, हातात धरलेल्या घोड्यावर सावकाश फेरी मारणे त्यापेक्षा बरे. तसेच मुलाला खोगिराला दोरीने किंवा ओढणीने बांधणे हा सुरक्षेचा उपाय वाटतो, पण घोडा कोसळला तर मूल त्याच्याखाली सापडते.

याशिवाय पूर्ण लांबीची पँट, हात झाकणारा अंगालगतचा शर्ट आणि बांधलेले केस एवढे पुरे. गळ्यात ओढणी, साखळी, मफलर नको.

पहिल्या दहा-बारा तासांत काय शिकवतात?

प्रत्येक शाळेचा क्रम थोडा वेगळा असतो, पण ढोबळ वाट अशी :

१. जमिनीवरची ओळख. घोडा ठाणातून बाहेर काढणे, दोरीने चालवत नेणे, खरारा करणे, खुरातली माती काढताना पाहणे. साहित्याची नावे : खोगीर, तंग (खोगीर आवळण्याचा पोटाखालचा पट्टा), लगाम, रिकीब. चढण्याआधी तंग घट्ट आहे का ते पाहायची सवय इथेच लागते. सैल तंगामुळे खोगीर फिरते आणि स्वार खाली येतो.

२. चढणे-उतरणे. घोड्याच्या डाव्या बाजूने, शक्यतो ओट्यावर किंवा स्टुलावर उभे राहून. उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढायचे, मग खाली सरकायचे. एक पाय अडकवून उतरणे टाळायचे.

३. लांब दोरीवर बसणे. प्रशिक्षक मध्ये उभा राहून घोड्याला दोरीवर वर्तुळात फिरवतो. मुलाने बाजूला हात पसरणे, पायाला हात लावणे, डोळे मिटून बसणे असे व्यायाम करायचे. मांड इथे तयार होते.

४. बसण्याची ठेवण. बाजूने पाहिल्यास कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत. टाच किंचित खाली, नजर समोर. खाली पाहणारे मूल पुढे झुकते आणि तोल गमावते.

५. इशारे. चालण्यासाठी पायांचा हलका दाब, थांबण्यासाठी पाठ ताठ करून लगामाची हलकी ओढ, वळण्यासाठी त्या दिशेला नजर आणि लगाम. पहिल्यांदा पक्के करायचे ते थांबवणे.

६. दुडकी चाल. घोड्याच्या चार मुख्य चाली : सावकाश चाल (चार ठेके), दुडकी (दोन ठेके), कँटर (तीन ठेके) आणि चौखूर धाव (पुन्हा चार ठेके). दुडकीत पाठीला हिसके बसतात. एका ठेक्याला किंचित उठायचे, दुसऱ्याला बसायचे, ही लय सापडली की मुलाला आपण खरेच शिकतो आहोत असे वाटू लागते. काहींना ती तिसऱ्या तासाला सापडते, काहींना दहाव्या. कँटर त्यानंतर, प्रशिक्षक म्हणेल तेव्हाच.

७. निगा. तास संपल्यावर घोड्याला सावकाश फिरवून थंड करणे, घाम पुसणे, पाणी देणे. ज्या शाळेत मूल उतरते आणि थेट गाडीत बसते, तिथे अर्धे शिक्षण राहून जाते.

मूल पडले तर?

नियमित शिकणारे मूल कधी ना कधी पडते. घाबरवण्यासाठी नव्हे, तयारीसाठी हे आधीच समजून घ्यावे. पडताना लगाम सोडायचा, हातावर भार घ्यायचा नाही, अंग गोळा करून घोड्यापासून दूर लोळायचे, हे चांगल्या शाळेत गवतावर किंवा गादीवर शिकवतात.

पडल्यावर लगेच "काही नाही, चढ परत" म्हणण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे. डोके आपटले असेल, काही क्षण शुद्ध हरपली असेल, उलटी, गुंगी, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही असेल तर त्या दिवशी पुन्हा बसवायचे नाही आणि डॉक्टरांना दाखवायचे. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर मुलाला उचलू नये, हलवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तबेल्याच्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. सरकारी लसीकरणात ५ ते ६ वर्षांच्या वयात डीपीटीचा बूस्टर आणि १० व १६व्या वर्षी टीडीची लस असते. मुलाचे हे डोस झाले आहेत का ते पाहावे. घोडा चावला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवून डॉक्टरांकडे जावे. दमा असलेल्या मुलाला वाळल्या गवताच्या धुळीचा किंवा घोड्याच्या केसांचा त्रास होऊ शकतो. आधी तासभर तबेल्यात नेऊन पाहावे.

चांगली शाळा कशी ओळखावी?

पैसे भरण्याआधी एक तास नुसते बसून दुसऱ्या मुलांची शिकवणी पाहा. या गोष्टी तपासा :

- घोडे : बरगड्या वर आलेल्या नाहीत, पाठीवर-तोंडाजवळ जखमा नाहीत, लंगडत नाहीत, नाल ठीक आहेत, पाणी आणि सावली आहे.
- तपासणी : पशुवैद्य नियमित येतो का, लसी झाल्या आहेत का? घोड्यांपासून माणसाला होऊ शकणाऱ्या ग्लँडर्स या रोगाची रक्ततपासणी केली आहे का? तिचे देशातील प्रमुख केंद्र हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे.
- मैदान : कुंपण घातलेले, वाळूचे किंवा मऊ मातीचे. डांबरी रस्त्यावर नवख्याला शिकवत असतील तर नको.
- प्रशिक्षक : एका वेळी किती मुले? अगदी नवख्यांसाठी एकास एक हवे. पुढे तीन-चार मुलांचा गट चालतो. प्रशिक्षकाचे लक्ष मोबाइलमध्ये आहे की मुलाकडे?
- शिस्त : तिथली मोठी माणसेही हेल्मेट घालतात का? घोड्याला चाबकाने बडवतात का? जिथे घोडा मारून चालवतात, तिथे मूलही तेच शिकते.
- नकार : "आज घोडा दमला आहे", "आज वादळ आहे, तास नाही" असे सांगणारी शाळा विश्वासाची.
- कागद : अपघात झाल्यास जवळचे रुग्णालय कोणते, प्रथमोपचार कोण जाणतो, विमा आहे का?

खर्च कशाचा असतो?

शुल्क शहर, क्लबचे सदस्यत्व आणि तासाचा प्रकार यांनुसार खूप बदलते. ते जास्त का वाटते, हे घोड्याच्या रोजच्या खर्चावरून कळेल. घोडा दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा खातो. ४०० किलोच्या घोड्याला सुमारे ८ किलो. पाणी २५ ते ४० लिटर किंवा उन्हाळ्यात त्याहून जास्त. खुरांचे काम साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. त्यात मोतद्दाराचा पगार, जागा आणि औषधपाणी. मूल शिको न शिको, हा खर्च रोज चालूच राहतो. म्हणून अतिशय स्वस्त शिकवणी दिसली तर कशात काटकसर केली आहे ते पाहावे.

घोडा विकत घेण्याची घाई मात्र नको. मराठा फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिकणाऱ्या मुलाने काही वर्षे बारगीरच राहावे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडे मिळतात, पण तिथे वरातीसाठी नाचवलेला घोडा मुलाला शिकवण्यासाठी योग्य असेलच असे नाही. नाचणारा घोडा ढोल ऐकताच पाय उचलतो.

महाराष्ट्रात कुठे शिकता येते?

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४२ मध्ये सुरू झालेला अमॅच्युअर रायडर्स क्लब हा राज्यातला जुना नावाजलेला क्लब आहे. पुणे परिसरात अनेक शाळा आहेत. तळेगावच्या बाजूचे जपालूप इक्वेस्ट्रियन सेंटर त्यांपैकी ठळक. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकवली जाते. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये ही शाळा सुरू केली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारी शिकावी लागते, तेव्हा सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना लहानपणीची ओळख उपयोगी पडते. एनसीसीतही रिमाउंट अँड व्हेटरनरी ही घोड्यांची स्वतंत्र शाखा आहे, पण तिच्या तुकड्या मोजक्या ठिकाणी आणि प्रामुख्याने पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या असतात.

गावात शाळा नसेल तर?

गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यासारख्या गावात राहणाऱ्या कुटुंबाला मुंबई-पुणे दूरच. गोंदियाहून नागपूरही रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. दर आठवड्याला एवढा प्रवास बहुतेकांना परवडणार नाही. तरी मार्ग आहेत.

पहिला, उन्हाळ्याच्या सुटीतले शिबिर. आठवड्यातून एक तास याप्रमाणे दोन-तीन महिने शिकण्याऐवजी सलग दहा-बारा दिवस रोज तास केले तरी पाया तयार होतो. शिबिर निवडतानाही वरचीच यादी लावावी आणि दिवसात प्रत्यक्ष घोड्यावर किती वेळ मिळेल ते विचारावे. दुसरा, सैनिकी पद्धतीची निवासी शाळा, पण ती केवळ घोड्यासाठी निवडू नये.

तिसरा मार्ग घरच्या अंगणातला. भंडारा-गोंदियाकडच्या मुलांना जनावरांची सवय असते. शंकरपटाच्या बैलजोड्या त्यांनी जवळून पाहिलेल्या असतात. म्हशीच्या पाठीवर बसून तलावावर जाणाऱ्या मुलाला तोल वेगळा शिकवावा लागत नाही आणि जनावराच्या मागे उभे राहायचे नाही हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. ही शिदोरी शहरातल्या मुलाकडे नसते. फरक इतकाच की म्हैस दचकली तर दोन पावले सरकते, घोडा दचकला तर धावत सुटतो. म्हणून गावात कोणाकडे वरातीची घोडी असेल तर मालकाच्या परवानगीने खरारा करणे, चारा घालणे, दोरीने चालवणे एवढे मुलाला जरूर करू द्यावे. शिकवलेल्या माणसाशिवाय आणि हेल्मेटशिवाय त्यावर बसवणे टाळावे.

विशेष गरजा असलेली मुले

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय निकामी झाले. घोड्यावर चढायला त्यांना मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात, रौप्यपदक मिळवले. त्यांच्या उदाहरणामुळे उपचाराला पूरक घोडेस्वारीकडे जगाचे लक्ष गेले. चालताना घोड्याची पाठ जशी हलते, तशीच हालचाल बसलेल्याच्या कमरेला होते. त्यामुळे सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांना तोल आणि पाठीची ताकद यांसाठी तिचा उपयोग होतो. हा औषधोपचाराला पर्याय नाही. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्यानेच तो करावा. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून आधी तपासणी हवी. ताब्यात नसलेले फिट्सचे झटके, रक्त न थांबण्याचा आजार किंवा ठिसूळ हाडे असतील तर सहसा नकार दिला जातो.

नेहमीचे प्रश्न

मुलींनी घोडेस्वारी करावी का?
जरूर. बिठूरला वाढलेल्या मनूने, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईंनी, लहानपणीच घोडेस्वारी शिकल्याचे आपण शाळेत वाचतो. आजही ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष एकाच गटात स्पर्धा करतात असा हा दुर्मीळ खेळ आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय चमूत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोन मुली, तर अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा ही दोन मुले होती. अश्वारोहणात भारताला ४१ वर्षांनी मिळालेले ते सुवर्ण होते.

मूल घाबरते, तरी शिकवावे का?
घाबरणे चांगले लक्षण असू शकते, कारण समोरचा प्राणी खरोखरच मोठा आहे. दोन-तीन वेळा नुसते तबेल्यात न्या, खाऊ द्यायला लावा. तरी नको म्हणाले तर वर्षभर थांबा.

किती दिवसांत शिकून होईल?
चालवणे, थांबवणे, वळवणे आणि दुडकी हे नियमित शिकणाऱ्या मुलाला काही महिन्यांत जमते. त्यापुढे प्रत्येक घोडा नवीन काही शिकवतो.

पावसाळ्यात वर्ग चालू ठेवावा का?
छत असलेले किंवा पाणी न साचणारे मैदान असेल तर हरकत नाही. निसरड्या चिखलात घोड्याचा पाय घसरतो, तेव्हा तो दिवस तबेल्यातल्या कामासाठी ठेवावा.

शिकवणी मध्येच सुटली तर सगळे वाया जाते का?
नाही. तोल लवकर परत येतो. शिवाय बोलता न येणाऱ्या मोठ्या प्राण्याची मनःस्थिती ओळखणे, आवाज खाली ठेवणे आणि आपल्या आधी त्याला पाणी देणे या सवयी मुलाकडे राहतात. घरच्या बैल-गाईंशी वागतानाही त्या दिसतात.